वाहत्या कानात तेल

दिग्रस, १२ नोव्हेंबर १९६१

आज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवताना पुस्तकाची दोन पाने चिकटून राहिली आणि मधला मजकूर सुटला. सिद्धार्थ राजवाड्यातून निघाला तो थेट झाडाखाली जाऊन बसला. बाबा मान हलवत राहिले. पूर्वी एक ओळ गाळली तरी म्हणायचे, "थांब, मधातलं कुठी गेलं?" मी विचारले, "बाबा, समजलं ना?" तर म्हणाले, "छान हाय. वाच तू."

मग मी मुद्दाम पुस्तक तोंडापुढे धरले आणि वाचत राहिले. बाबा मान हलवत होते. मी वाचायची थांबले, तरी हलवत होते.

माय चुलीजवळून म्हणाली, "तुले आता समजलं? मी पोळ्यापासून हातवारे करून यायले जेवाले बलावून राह्यली."

बाबा जिनमध्ये यंत्रात कापूस लोटायचे काम करतात. तिथे यंत्रांच्या आवाजात सगळे एकमेकांशी हातानेच बोलतात, म्हणून घरीही ते हाताने पाणी मागू लागले तेव्हा मला वाटले, सवय लागली असेल. बाबांना अक्षर येत नाही. त्यांच्या हट्टाने मी घरात पहिली शिकले, ट्रेनिंग झाले, इथल्याच शाळेत लागले. त्याबद्दल त्यांनी एकच मागितले होते, रोज वाचून दाखवायचे. ते म्हणतात, "तुहे डोये अन माहे कान मिळून एक मानूस शिकला."

त्या माणसाचा अर्धा भाग जातो आहे आणि मी मुलांच्या वह्या तपासत बसले होते.

१९ नोव्हेंबर

सुट्टी असल्याने बाबांना सदाशिवराव वैद्यांकडे नेले. पंधरा ऑगस्टला ते शाळेत बक्षिसे वाटायला आले होते. फळ्यावरचे माझे अक्षर पाहून त्यांनी सर्वांदेखत शाबासकी दिली होती. त्यांचे कानाचे तेल पुसदपर्यंत जाते. बाबा यायला तयार नव्हते. "जिनमंदी सारेच भयरे हाय, म्या एकट्यानं आयकून काय करू?" म्हणाले. मी डोळ्यांत पाणी आणले तेव्हा निघाले.

वैद्यांच्या गादीवर मारोतराव पाटील बसले होते. वैद्य त्यांची नाडी पाहत होते, म्हणून आम्ही ओट्याच्या खालच्या पायरीवर थांबलो. पाटील उतरून गेले, मी उठले, तर वैद्य म्हणाले, "बसा बसा, तिथेच बरं. तिथे ऊन चांगलं येतं." कान पाहायला ऊन लागते हे मला माहीत नव्हते.

त्यांनी एक छोटा आरसा पायरीवर ठेवला आणि स्वतः वर उभे राहिले. "मास्तरीणबाई, तू शिकलेली आहेस. तूच पहा. मी विचारतो, तू सांग."

मी आरसा उचलून उन्हाची तिरीप बाबांच्या कानात पाडली. आधी उजव्या, मग डाव्या.

"मळ आहे?"

"आहे जी."

"ओल? पू?"

"नाही."

"आतला पडदा कसा आहे? चकाकतो का?"

पडदा नेमका कुठे असतो हेच मला ठाऊक नव्हते. समोर शकुबाईच्या बांगड्यांच्या दुकानापुढे दोन बाया हातात बांगड्या अडकवून आमच्याकडेच पाहत होत्या. एवढा मोठा वैद्य मला विचारतो आहे आणि मी 'दिसत नाही' म्हणायचे? मी म्हणाले, "चकाकतो. दोन्हीकडे साफ आहे."

"शाबास," ते म्हणाले.

मग त्यांनी सर्व सांगितले. आधी गरम फडक्याने कानाला शेक द्यायचा. रोग्याला कुशीवर निजवायचे, तेल बोटाला सोसेल इतके कोमट करून कान भरायचा, कानाच्या मुळाशी हळूहळू चोळायचे, थोड्या वेळाने तेल काढून घ्यायचे. "एरवी मी हे कोणाला शिकवत नाही," असेही म्हणाले. परत येताना मला एखादा नवा विषय पास झाल्यासारखे वाटत होते.

घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "तुले बरं वाटलं ना? मंग झालं."

साफ आहे म्हणाले ते खोटे होते का? काहीतरी चकाकले होते, एवढे खरे.

२० नोव्हेंबर

मायने विचारले, "त्यानं कानाले हात लावला?"

मी म्हणाले, "माय, त्यांनी मलाच शिकवलं."

"म्या काय इचारलं?"

दीक्षा घेऊन पाच वर्षे झाली, कायदाही झाला. मागचे आठवून आजच्या चांगल्या माणसावर संशय घेणे हे अकुशल आहे. एक क्षण माझ्याही मनात तसे आले होते, त्याची लाज वाटली.

दुसरी काळजी तेलाची. बेलाचा गर गोमूत्रात वाटून हे तेल सिद्ध करतात, असे वैद्य म्हणाले होते. आपल्याला हे चालते का? मी बावीस प्रतिज्ञा पुन्हा सावकाश वाचल्या. गोमूत्राबद्दल काही नाही. मायला सांगितले तर ती पदर तोंडाला लावून हसली. "गाईचं मूत कानातून डोक्यात गेलं अन तुहा बाप हंबरू लागला, तं त्याले बांधू कुठी?"

बाबांना ऐकू गेले नाही. आम्ही का हसतो आहोत हे न कळताच तेही हसले.

२६ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी तेल घालते. तेल किती वेळ ठेवायचे ते कळावे म्हणून मी त्रिशरण आणि पंचशील सावकाश म्हणते, संपले की काढते.

परवा उजव्या कानातून मळाचा भलामोठा काळा गोळा निघाला आणि बाबा एकदम उठून बसले. "पुसदची मोटार आली," म्हणाले. खरेच बाहेर मोटारीचा भोंगा वाजला होता! मायने त्यांना मागून हळूच हाक मारून पाहिली, तर वळले. मला इतका आनंद झाला की वैद्यांना सांगायला धावत गेले. ते म्हणाले, "डाव्यालाही येईल. चालू ठेव."

मी या आनंदात थोडी फुशारले. शाळेत दोघीतिघींना सांगितले की कानाची चिकित्सा मी शिकते आहे.

३ डिसेंबर

डाव्या कानात तेल घातले की बाबांना त्याची चव घशात येते. "कडू लागते," म्हणतात. कानातले तेल घशात कसे जाईल? मी वैद्यांना विचारायला गेले. ते गादीवरूनच म्हणाले, "मुरतंय तेल. चांगलं लक्षण आहे." मी म्हणाले, एकदा तुम्ही स्वतः पाहिले असते तर. ते म्हणाले, "तू पाहिलंस ना? साफ आहे म्हणालीस ना? मग?"

मी ओशाळले. माझ्याच शब्दावर मी संशय घ्यायचा आणि त्यांना त्रास द्यायचा.

१० डिसेंबर

बाबा आठवडाभर घरातही फेटा सोडत नाहीत. थंडी वाजते म्हणतात. आज त्यांची वाकळ उन्हात टाकताना उशाकडे पिवळे डाग दिसले, वासही आला. मी फेटा काढायला लावला. डावा कान वाहत होता.

"कधीपासून?"

"असंन दोनचार रोज."

"सांगितलं काहून नाही बाबा?"

"तू येवढ्या आवडीनं करतं," ते म्हणाले, आणि पुन्हा फेटा गुंडाळू लागले.

मला रडू आले. रडण्याचाही राग आला, कारण कान त्यांचा दुखतो आहे आणि समजूत ते माझी घालत आहेत. तेल बंद केले. वैद्यांकडे जायचा धीर झाला नाही. त्यांनी मला विचारले होते तेव्हा मी काय सांगितले, ते मला ठाऊक आहे.

१५ डिसेंबर

काल बाबांना जिनमध्ये भोवळ आली. यंत्राचा पट्टा जवळच फिरत होता. शेजारच्या माणसाने कमरेला धरून मागे ओढले म्हणून हात वाचला. जिनवाल्यांनी घरी पाठवले, बरे झाल्याशिवाय येऊ नको म्हणाले. अंगात ताप आहे. उठले की घर फिरते म्हणतात.

शाळेत आज मी मुलांवर विनाकारण ओरडले.

१७ डिसेंबर

सरकारी आयुर्वेद दवाखान्यात नवे वैद्य आले आहेत, शंकरसिंग नावाचे. तांड्यातले आहेत, नागपूरला शिकले. वय माझ्याहून फार नसेल. मी आधी जायला बिचकत होते. सदाशिवरावांना कळले तर ते काय म्हणतील? मायने मला बाजूला सारले आणि बाबांचा हात धरून निघाली, तेव्हा मागोमाग गेले.

शंकरसिंगांनी बाबांना आपल्या खुर्चीसमोर बसवले, हनुवटीला धरून मान वळवली, आणि कानाची पाळी बोटांत पकडून वर-मागे ओढली. बाबा दचकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणाले, "जरा हळू, दुखत असेल त्यांना."

"दुखतं का बाबा?" शंकरसिंगांनी उजव्या कानाजवळ विचारले.

"नाई जी," बाबा म्हणाले. "पाहा तुमी. पाहा."

त्यांनी कापसाच्या वातीने कान पुसला, पुन्हा पाहिले, वात हुंगली. मग मला म्हणाले, "पडद्याला भोक आहे. आजचं नाही, जुनं. बाबा, लहानपणी कान वाहत होता का?"

"वायचा जी. माय राख टाके."

"हा वाहणारा कान आहे. वाहत्या कानात तेल घालत नाहीत, ताई. तेल चांगलंच आहे, उजव्याला फायदा झाला. पण आधी कान पाहायचा, मग तेल. इथे ते भोकातून आत गेलं, म्हणून घशात चव आली. कोणी पाहिला होता कान?"

मी म्हणाले, "मी."

"वैद्यांनी?"

"त्यांनी मला पाहायला सांगितलं. मी साफ आहे म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे, मग उठून कितीतरी वेळ हात धूत राहिले. नक्की माझ्यावर रागावले असणार.

आता त्रिफळ्याच्या काढ्याने कान धुऊन लगेच कोरडा करायचा, मग गुगुळाची धुरी द्यायची. डाव्याचे ऐकणे परत येईल अशी आशा धरू नका, म्हणाले. उजवा यंत्राच्या आवाजाने मंद झाला आहे, पण राहिला तेवढा राखता येईल. जिनमध्ये जाताना त्यात कापसाचा बोळा घालायचा. "दिवसभर कापसात हात, आणि कानात बोळा नाही!" असे म्हणून हसले. बाबाही हसले. त्यांनी हे ऐकले होते.

मला हसू आले नाही. कानाची पाळी वर ओढायची असते, हे मला सुचलेच नव्हते. मी नुसतीच वाकून पाहत होते.

२४ डिसेंबर

कान बराच कोरडा आहे, ताप नाही, भोवळही कमी. पण डाव्या बाजूने ताट पडले तरी बाबांना कळत नाही.

जेवण जात नव्हते, म्हणून आज ठरवून सदाशिवरावांकडे गेले. खालच्या पायरीवर उभी राहून सांगितले की चूक माझी झाली. मला पडदा दिसला नव्हता आणि मी साफ आहे म्हणाले, त्यामुळे तुमच्या औषधाला दोष लागला. मला क्षमा करा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "होतं असं. शिकताना चुका व्हायच्याच. मनाला लावून घेऊ नकोस. मी क्षमा केली," म्हणाले. वर बाबांना शक्ती यावी म्हणून चूर्णाची पुडी दिली. मी ओंजळ पुढे केली, त्यांनी ती वरूनच नेम धरून टाकली. किती मोठे मन.

घरी येऊन बाबांच्या उजव्या कानाशी सगळे सांगितले. वाटले होते, त्यांनाही हलके वाटेल.

ते म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले. बाबांनी पुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि चुलीत टाकली. माय माझ्यावर इतकी कधी रागावली नव्हती, पण ती बोलली फक्त, "शिकून याच्यासाठी आली का व?"

माझे काय चुकले? चूक कबूल करू नये का?

३ जानेवारी १९६२

बाबा दहा दिवस माझ्याशी नीट बोललेले नाहीत. वाचायला बसले की भिंतीकडे पाहतात. आज कानाला धुरी देताना मी विचारले, "बाबा, माझ्यावर राग आहे?"

"तुह्यावर नाई."

"मग?"

"मले पुरा बरा होऊ दे. चक्कर येते तवरोक भांडता येत नाई."

७ जानेवारी

आज झाले ते सर्व लिहून ठेवते.

सकाळी बाबांनी धुतलेले धोतर नेसले, फेटा न बांधता नुसता खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितले नाही. बाजाराचा दिवस, रस्ता भरलेला. सदाशिवरावांचा ओटा आल्यावर ते खालच्या पायरीवर थांबले नाहीत. सरळ वर चढले आणि गादीच्या काठाशी उभे राहिले. मी मागे, त्यांच्या डाव्या हाताला.

"रामराम वैद्यजी नाई, जयभीम वैद्यजी," बाबा म्हणाले. कान गेल्यापासून त्यांना आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. शकुबाईने हातातली बांगडी खाली ठेवली.

"नागोराव, हळू बोला," वैद्य म्हणाले. "काय झालं?"

"पोरीनं तुमाले माफी मांगतली. थे वापस घ्याले आलो."

वैद्य अर्धवट हसले. "अहो, मी तर मोकळ्या मनाने..."

"माह्या कानात तुमी पाह्यलं होतं का?"

वैद्य काहीतरी पुटपुटले.

"आं? मोठ्यानं बोला जी. भयरा हाय मी."

"मुलीने पाहिलं होतं."

"पोरगी पोरांले पाढे शिकवते. वैद्य तुमी. तुमी पाह्यलं का?"

वैद्यांनी रस्त्याकडे पाहिले. तिथे आता बरीच माणसे थांबली होती. मारोतराव पाटीलही होते. वैद्य अगदी हळू म्हणाले, "नाही."

"आं?"

"नाही म्हटलं!"

"आयकू नाही आलं जी."

"नाही पाहिलं!" सदाशिवराव ओरडले. "मी नाही पाहिलं! हात नाही लावला मी!"

हात लावला का, हे बाबांनी विचारलेच नव्हते. शकुबाई म्हणाली, "आता आमाले बी आयकू आलं बाप्पा," आणि कोणीतरी फिसकन हसले.

बाबांनी हात जोडले. "आयकलं," म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

वाटेत मी म्हणाले, "पण बाबा, मी साफ आहे म्हणाले ते खोटंच होतं." त्यांना उजव्या बाजूने सांगावे लागते, म्हणून पुढे जाऊन सांगितले.

"होतं," ते म्हणाले. "थे तुह्या वाटनीचं हाय. ठेव तू. त्याच्या वाटनीचं काहून उचलतं?"

तेव्हापासून वाटणी करून पाहते आहे. रेघ कुठे मारायची ते ठरत नाही. मला दिसत नाही असे त्या दिवशी म्हणाले असते, तर ते खाली उतरून आले असते का? मला नेहमी वाटत आले की आले असते. आज वाटत नाही. तरी बाबांचा डावा कान माझ्या हातानेच गेला, ते या वाटणीने बदलत नाही.

संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसले. आवाज चढवायचे त्राण नव्हते, जवळजवळ स्वतःशीच वाचत होते. निवडणुकीच्या सभेची बातमी होती, एका उमेदवाराने गावोगाव विहीर देण्याचे वचन दिले होते.

"मांगच्या टायमाले बी हेच म्हनला," बाबा म्हणाले. "थ्या हिरी कोनी पाह्यल्या?"

माय हसली. मी मात्र वाचायची थांबले. इतके हळू वाचलेले त्यांना ऐकू आले, तर सकाळी वैद्यांचे का आले नाही? मी डाव्या हाताला उभी होते, मला पक्के आठवते, उजवा कान वैद्यांकडेच होता. विचारावे म्हणून कागद खाली ठेवला.

बाबा माझ्याकडेच पाहत होते. "काय व?"

"काही नाही."

"मंग वाच ना. आयकून राह्यलो मी."